कार्डवाला फोन घ्यायचाय? आधी ट्रे बाहेर काढून बघ

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका पोरानं विचारलंय: "काका, मी शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचेस मोबाईलवर शूट करतो, जत्रेच्या दिवसांत कुस्तीची मैदानंपण. सध्याचा फोन ६४ जीबीचा आहे, रोज मेमरी फुल्ल. बजेट सोळा-सतरा हजार. दोन सिम लागतातच, कारण आजोळ राधानगरीकडं आणि तिथं एकाच कंपनीची रेंज धरते. मेमरी कार्ड टाकता येणारा फोन घेऊ की सरळ २५६चा घेऊ? कार्ड कुठलं घेऊ? आणि घरात वडिलांचं एक जुनं ८ जीबीचं कार्ड आहे, त्यात त्यांच्या तालमीतले व्हिडिओ आहेत. ते नव्या फोनात टाकलं तर चालेल का?"

भावा, उत्तर आधी सांगतो, कारणं मागनं. आतली मेमरी १२८ जीबीच्या खाली घेऊ नको, मग कार्डाची सोय असो वा नसो. १२८ आणि वर कार्डाचा स्वतंत्र खण, असा फोन मिळाला तर तुझ्या कामाला तोच बरा. स्वतंत्र खण मिळेना आणि दोन सिम तर सुटत नाहीत, मग कार्डाचा नाद सोड, २५६चा घे आणि मॅचेस ओटीजी, म्हणजे फोनला थेट जोडता येणाऱ्या, पेन ड्राइव्हवर उतरवत जा. ६४ जीबीचा फोन आणि खोक्यावर 'कार्ड टाकून १ टीबीपर्यंत वाढवा', असला माल कितीही स्वस्तात मिळू दे, नको.

आता कारणं. राजारामपुरीत मोबाईल दुरुस्तीचं काम करायला लागून मला वीस वर्षं होत आली. सुरुवातीच्या काळात निम्मा धंदा चिपांचा, म्हणजे मेमरी कार्डांचा होता. एक जीबी, दोन जीबीच्या चिपा घेऊन लोक यायचे आणि म्हणायचे, "गाणी भरून द्या." भजनं, लावण्या, पोवाडे, सिनेमाची गाणी, जो जे वांच्छील तो ते. त्या काळी फोनला स्वतःची मेमरी नावापुरती असायची. जे काय असायचं ते चिपेत. तेव्हापासून आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की चिप टाकली की फोनची मेमरी वाढली.

आता तसं राहिलेलं नाही. २०१३ साली अँड्रॉइड ४.४ आलं आणि कुठल्याही अ‍ॅपनं कार्डावर वाट्टेल तिथं लिहायचं, यावर गूगलनं लगाम घातला. पुढं अँड्रॉइड ११मध्ये तो आणखी आवळला. आजच्या घडीला व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो-व्हिडिओ थेट कार्डावर पडत नाहीत, ते आतल्याच मेमरीत साठतात. बँकेची अ‍ॅप, यूपीआय, गेम, सगळं आत. तालीम मंडळाचे, भावकीचे, सोसायटीचे ग्रुप असलेल्या माणसाच्या फोनात व्हॉट्सअ‍ॅपनंच पंधरा-वीस जीबी खाल्लेले मी रोज बघतो. त्यात सिस्टीमचा वाटा, अपडेटचा वाटा. म्हणजे ६४च्या फोनात तू ५१२चं कार्ड टाकलंस तरी 'स्टोरेज फुल्ल'ची पाटी येणारच, कारण जे भरतंय ते कार्डावर जातच नाही. मागं कोठी रिकामी पडलेली आणि पुढं सोप्यात पाय ठेवायला जागा नाही, अशी गत.

कार्डावर जाऊ शकतं ते एवढंच: कॅमेऱ्याचे फोटो आणि व्हिडिओ (कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागा बदलावी लागते, आपोआप होत नाही), गाणी, सिनेमे, पीडीएफ, आणि तू हातानं हलवलेल्या फायली. तुझं काम नेमकं व्हिडिओचं, म्हणून तुला कार्डाचा उपयोग आहे. तुझ्या आईला असा फोन हवा असता तर मी कार्डाचं नावही काढलं नसतं.

दुसरी गोष्ट वेगाची. फोनच्या आतल्या मेमरीच्या दोन जाती आहेत, ईएमएमसी आणि यूएफएस. स्वस्त फोनात ईएमएमसी असते, तिचा वाचायचा वेग सेकंदाला अडीच-तीनशे एमबीच्या आसपास. यूएफएस २.२ हजारच्या घरात जाते. आणि फोनात बसणारं कार्ड? त्याची वाटच मुळात सेकंदाला १०४ एमबीची. त्या वाटेला यूएचएस-१ म्हणतात. कार्डावर १५०, १९० असले आकडे छापलेले दिसतील, ते कंपनीच्या खास रीडरात घालून वाचायचा वेग सांगतात. फोनात त्याचा काही उपयोग नाही. म्हणून फोन निवडताना दुकानदाराला पहिलं विचार, "आत यूएफएस आहे का?" तो गोंधळला तर कंपनीच्या वेबसाइटवर तपशिलाचं पान उघड.

आता मुख्य मुद्दा, ट्रेचा. दुकानात गेलास की डेमो फोनचा ट्रे पिन घालून बाहेर काढायला लाव आणि खड्डे मोज. सिमचे दोन आणि त्याखेरीज कार्डाचा वेगळा तिसरा खड्डा दिसला तर तो स्वतंत्र खण. दोनच खड्डे आहेत आणि त्यातल्या एकात सिमची आणि कार्डाची अशा दोन्ही आकारांच्या कडा एकात एक कोरल्यात, तर तो हायब्रिड. हायब्रिड म्हणजे दुसरं सिम तरी घाल नाहीतर कार्ड तरी. काही ट्रेना दोन्ही अंगांनी खड्डे असतात, तेव्हा उलटूनही बघ. खोक्यावर दोन्हींना 'एक्सपांडेबल'च म्हणतात आणि सेल्समन मान डोलावतो. घरी गेल्यावर गिऱ्हाईक दुसरं सिम हातात धरून विचारत बसतं, हे कुठं घालू?

२०१५-१६मध्ये हायब्रिडचा सुळसुळाट झाला तेव्हा आम्हीच एक उद्योग काढला होता. सिम लायटरवर धरून तापवायचं, त्याची पातळ सोनेरी चकती सोलून काढायची, ती मेमरी कार्डाच्या पाठीवर गोंदानं चिकटवायची आणि दोन्ही एकाच खड्ड्यात कोंबायची. चालायचंही. लोक खुश. मग दोन-तीन महिन्यांनी तेच फोन परत यायला लागले. जाडी वाढल्यामुळं खणातल्या पिना वाकलेल्या, ट्रे आत अडकलेला, ओढल्यावर सिमची चकती आतच राहिलेली. जेवढे बसवून दिले त्यातले निम्मे तरी मलाच उघडून खण बदलून द्यावे लागले, आणि शेवटच्या काहींचे पैसे मागायची लाज वाटली. कुणी आजही हे करून देतो म्हणाला तर तिथनं ऊठ.

हायब्रिडवर सरळ तोड आहे ती ई-सिमची, म्हणजे वेगळी चकती न घालता फोनातच भरून घ्यायच्या सिमची. फोन ई-सिम घेणारा असला तर एक नंबर ई-सिमवर टाकायचा, दुसरं सिम पहिल्या खड्ड्यात, आणि हायब्रिडची जागा कार्डाला मोकळी. पण तुझ्या बजेटात ई-सिमचे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि राधानगरीकडं चालणारं सिम ई-सिम करू नको. फोन बंद पडला तर साधं सिम काढून मामाच्या फोनात घालता येतं, ई-सिमला तसं करता येत नाही.

मॉडेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. सहा महिन्यांत ते बाजारातनं जातं आणि त्याच नावाचा नवा फोन येतो, त्यात खणच नसतो. सॅमसंगचंच बघ. २०१५ला एस६मधून कार्ड काढलं, लोक बोंबलले म्हणून २०१६ला एस७मध्ये परत आणलं, २०२१ला एस२१मधून पुन्हा काढलं ते काढलंच. मधल्या किमतीच्या ए५५मध्ये हायब्रिड खण होता, पुढच्या ए५६मध्ये नाही. आयफोननं तर पहिल्यापासून कधी दिलाच नाही. कंपन्या सांगतात की जागा वाचते, पाणी शिरत नाही, वेग चांगला राहतो. काही अंशी खरंही आहे. पण १२८ आणि २५६च्या फोनांतला भावाचा फरक बघ आणि १२८च्या चांगल्या कार्डाचा भाव बघ, मग खरं कारण ध्यानात येईल. एकाच नावाचा फोर-जी आणि फाइव्ह-जी फोन असेल तर दोघांचे ट्रे वेगळे असू शकतात, तेव्हा ज्याचं बिल होणार तोच फोन तपास.

एवढं सगळं ऐकून वाटेल की हा माणूस कार्डाच्या विरोधात आहे. नाही. माझ्या स्वतःच्या फोनात कार्ड आहे, आणि त्याचं कारण जीबी नाही. कारण २०१९चा ऑगस्ट.

त्या महापुरात व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी, शाहूपुरीत पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, ती कधीच मागं पडलेली. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवस माझ्या टेबलावर निव्वळ भिजलेले फोन. बरेच लोक फोन तांदळात पुरून आणायचे. एका बाईंनी तर आजऱ्याच्या घनसाळात ठेवला होता. फोन गेला तो गेलाच, आणि घनसाळही वाया. तांदूळ वरवरचं पाणी ओढतो, पत्र्याखाली शिरलेला गाळ ओढत नाही.

त्यातला एक फोन चिखलीकडचा. पाच-सहा दिवस कपाटात, पाण्याखाली. उघडला तर बोर्डावर हिरवा-पांढरा गंज, पत्र्याच्या टोप्या काढल्यावर खालच्या आयसींचे (बोर्डावरच्या बारीक इलेक्ट्रॉनिक भागांचे) पाय खाल्लेले. जिवंत व्हायचा प्रश्नच नव्हता. पण ट्रेमध्ये कार्ड होतं, गाळानं घट्ट बसलेलं. चिमट्यानं हळू काढलं, साध्या स्वच्छ पाण्यानं धुतलं, मग आयपीएमध्ये, म्हणजे साफसफाईच्या अल्कोहोलमध्ये, बुडवलेल्या ब्रशनं पुसलं, सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबरानं घासल्या, रात्रभर सुकवलं. सकाळी रीडरात घातलं आणि त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो एकूण एक निघाले. कार्ड म्हणजे एकसंध साच्यात घट्ट बसवलेली चकती, तिच्या आत पाणी शिरायला वाटच नसते.

त्याच आठवड्यात दुसरा फोन आला. भारी, महागडा, कार्डाचा खण नसलेला. तीन दिवस झटलो. काही हाती लागलं नाही. पूर्वी, म्हणजे जुन्या फोनांत, बोर्ड मेला तरी मेमरीची आयसी काढून डेटा वाचता यायचा. आता तसं होत नाही. महागड्या फोनांत आधीपासूनच आणि अँड्रॉइड १०पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनात आतला डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरच्या पोटात असते. आयसी उपसून दुसरीकडं लावली तर नुसता कचरा वाचायला मिळतो. तोच बोर्ड, तोच प्रोसेसर जिवंत झाला तरच फोटो. चोरीच्या बाबतीत हे कुलूप चांगलंच आहे, पण पुरात बुडालेल्या माणसाला हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर येते. म्हणून मी म्हणतो, कार्डाची खरी किंमत ते हातात काढून घेता येतं यात आहे.

याची दुसरी बाजूही ऐक. जे तुला सहज वाचता येतं ते कार्ड उचलणाऱ्यालाही वाचता येतं. आधार, पासबुक, घरातल्या बायकामुलींचे फोटो कार्डावर ठेवू नको. मॅचेस कुणी बघितल्या तर बघू दे.

आणि एक सापळा. काही फोनांत, मोटोरोलाच्या काही मॉडेलांत वगैरे, नवं कार्ड घातलं की विचारतं: पोर्टेबल ठेवू की इंटर्नल करू? ही सोय २०१५ला अँड्रॉइड ६पासून आली. इंटर्नल केलं की कार्ड आतल्या मेमरीत मिसळतं, अ‍ॅपही त्यावर जातात, ऐकायला झकास. पण त्या क्षणी कार्डही कुलूपबंद होतं आणि किल्ली त्या एका फोनात. कागल एमआयडीसीत कामाला असलेले एक गृहस्थ २०१७ला असाच फोन घेऊन आले होते. फोन डेड, पण "कार्ड हाय की, काळजी नाही" म्हणत होते. कार्ड दुसऱ्या फोनात घातलं तर फॉरमॅट मागायला लागलं. त्यांचं नशीब बरं, बोर्डावर एक कपॅसिटर शॉर्ट होता, तो काढल्यावर फोन उठला आणि डेटा निघाला. प्रोसेसर गेला असता तर फोन आणि कार्ड दोन्ही एकाच चितेवर. तेव्हा फोननं विचारलं की न चुकता 'पोर्टेबल' निवड. सॅमसंगमध्ये कार्ड एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करायचा वेगळा पर्याय असतो, तोही तुझ्या कामाला नको.

आता कार्ड कुठलं घ्यायचं. आधी गणित करू, म्हणजे उगाच मोठ्या आकड्यांना भुलायचं कारण नाही. फुल एचडीत, सेकंदाला ३० फ्रेमनं साधारण १३० एमबी मिनिटाला जातात. दीड तासाची मॅच म्हटली तर साडेअकरा-बारा जीबी. फोर-केमध्ये मिनिटाला साडेतीनशे-चारशे, म्हणजे तीच मॅच ३२ ते ३६ जीबी. मॅच मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी फुल एचडी पुरतं. फोर-के तेव्हाच, जेव्हा नंतर गोलाच्या वेळचं दृश्य जवळ ओढून दाखवायचं असेल. १२८च्या कार्डात फुल एचडीच्या दहा मॅचेस आरामात बसतात. त्याहून मोठं घेऊ नको. एकाच कार्डावर पाच वर्षांचं शूटिंग ठेवायची सवय लागते आणि तेच नेमकं करायचं नाही.

कार्डाच्या तोंडावर बारीक चिन्हं असतात, भिंग लावून बघावी लागतात. सी अक्षरात १० म्हणजे लिहायचा वेग कमीत कमी सेकंदाला १० एमबी. यू अक्षरात ३ किंवा व्ही३० म्हणजे कमीत कमी ३०. ए१, ए२ ही चिन्हं अ‍ॅप चालवण्यासाठीची, तुझ्या कामाला ए१ भरपूर. ए२चा पूर्ण फायदा द्यायला फोनातही तशी सोय लागते, आणि ती बहुतेकांत नसते. कागदावर बघितलं तर फोर-केलाही सेकंदाला सहा-सात एमबीच लागतात, म्हणजे साधं क्लास १०ही चालायला पाहिजे. पण एप्रिलच्या दुपारी स्टेडियमच्या पायऱ्यांवर फोन तासभर तापला, कार्ड तीन-चतुर्थांश भरलेलं असलं, की वेग डगमगतो. म्हणून व्ही३० घे, हाताशी पाणी जास्त असलेलं बरं.

३२ जीबी आणि त्याखालची कार्डं एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट झालेली असतात, तिथं एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. फुल एचडीत अर्ध्या तासातच ती मर्यादा येते. मग रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात किंवा थांबतंच. ६४ आणि वरची कार्डं एक्सफॅटवर येतात, तिथं ही भानगड नाही. नवं कार्ड आणलं की फोनातच एकदा फॉरमॅट करून घे.

डुप्लिकेटचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गेल्याच लग्नसराईत एकजण '१ टीबी'चं कार्ड घेऊन आला, वेष्टन हुबेहूब, भाव मात्र जेवणाच्या थाळीएवढा. हळदीचं शूटिंग सगळं दिसत होतं, फायलींची नावं होती, आकार बरोबर, पण उघडली की काळा पडदा. शेवटची काही मिनिटं तेवढी चालत होती. आत खरी चकती ३२ जीबीची. तिच्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या आतल्या भागाला, खोटं बोलायला शिकवलेलं: 'मी १ टीबी आहे म्हण.' ३२ भरले की पुढचं लिखाण पुन्हा पहिल्यावर. नव्यानं जुनं खाल्लं, तरी पाटी 'जागा शिल्लक'चीच. हा डेटा कुणालाही परत काढता येत नाही, मलाही नाही.

म्हणून कार्ड कुठूनही घेतलंस तरी पहिल्या दिवशी तपास. कॉम्प्युटर असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, तो कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. दीड-दोन तास जातात, जाऊ देत. कॉम्प्युटर नसेल तर मोठे व्हिडिओ कॉपी करत कार्ड पूर्ण भर, फोन बंद-चालू कर, आणि सगळ्यात आधी टाकलेला व्हिडिओ मधून-मधून चालवून बघ. १२८चं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ दाखवतं, त्यावरून दुकानदाराशी भांडू नको. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४च्या.

चांगलं कार्डही एक दिवस मरतं, आणि बहुतेकदा न सांगता मरतं. एक खूण मात्र मी पुष्कळदा बघितलीय. तू फोटो डिलीट करतोस, जातो. फोन बंद-चालू केला की परत हजर. लोकांना वाटतं व्हायरस. तसं नसतं. कार्डाच्या कंट्रोलरला कळलेलं असतं की चकती झिजली, म्हणून तो लिहायचं बंद करतो आणि नुसतं वाचू देतो. ही त्याची शेवटची मेहेरबानी. त्या वेळी फॉरमॅट मारत बसू नको, त्याच दिवशी सगळं दुसरीकडं उतरव आणि कार्ड फेकून दे.

तुझ्यासाठी माझी शिस्त अशी: मॅच संपली, घरी आलास, की झोपायच्या आधी त्या दिवसाचं शूटिंग पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर. टाइप-सी आणि साधं असं दोन्ही तोंडं असलेला पेन ड्राइव्ह मिळतो, केबल-बिबल लागत नाही. चांगल्या मॅचेस यूट्यूबवर टाकतच असशील, तीही एक प्रत झाली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१पासून बंद झाली. आता १५ जीबी, आणि त्यातही ईमेलचा वाटा, म्हणजे एक मॅच टाकली की संपलं. कार्डावर फक्त चालू हंगाम ठेव.

फोनच्या जाहिरातीत '८ अधिक ८ जीबी रॅम' दिसेल. त्यातली दुसरी आठ आतल्या मेमरीतूनच उसनी घेतलेली असतात. सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, तेवढी जागा परत मिळेल. आतली मेमरी दहा-पंधरा जीबी तरी कायम रिकामी असू दे, नाहीतर यूएफएससुद्धा रेंगाळते.

जुना फोन घ्यायचा झाला तर कार्ड खिशात घालूनच जा. ट्रेच्या कडेचं बारीक रबर जागेवर आहे का बघ. कार्ड घाल, पाच मिनिटं व्हिडिओ काढ, आणि शूटिंग चालू असताना ट्रेजवळ अंगठ्यानं हलकं दाब. 'कार्ड काढले गेले' असा संदेश आला तर खणाच्या पिना सैल आहेत. भाव पाडून घेण्यापेक्षा दुसरा बघितलेला बरा.

राहिलं वडिलांचं ८ जीबीचं कार्ड. ते नव्या फोनात घालू नको. नवा फोन जुनं कार्ड बघून 'खराब आहे, दुरुस्त करू?' असं विचारतो, माणूस घाईत 'हो' म्हणतो आणि फॉरमॅट होऊन जातं. इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या चकतीतला चार्ज हळूहळू ओसरत असतो, तेव्हा तिच्यावर एक अक्षरही नव्यानं लिहिलं जाता कामा नये. पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुस, फुंकर मारू नको, तोंडाची ओल लागते. मोठ्या एसडी कार्डाच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर घे, त्याच्या डाव्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते, ती खाली सरकव आणि कॉम्प्युटरच्या रीडरात घाल. आता बहुतेक रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत. सगळं फोल्डर एका दमात कॉपी कर. मध्येच एखाद्या फाइलीवर अडकलं तर ती सोडून पुढच्या घे, अडकलेलीला शेवटी हात घाल. रीडर तापला तर थांब, गार होऊ दे. आणि कार्ड दिसलंच नाही, तर पुन्हा पुन्हा काढ-घाल करू नको. तसंच कागदात गुंडाळून दुकानात घेऊन ये, आणि येताना वडिलांनाही आण. कुठला व्हिडिओ आधी वाचवायचा ते तेच सांगतील.